आठ किनखापी तुकडे आणि माझा डावा हात : डायलिसिसवाल्यांसाठीच्या एका ऑनलाइन वर्गाबद्दल

वर्गातल्या आठ व्यायामप्रकारांपैकी सहावा सोडला तर बाकी सगळे मी करते. आणि गंमत अशी, की किडनीसाठी म्हणून सांगितलेला प्रकार नेमका तो सहावाच आहे.

वर्गाचं नाव लिहीत नाही. त्यांची बदनामी करायची नाही आणि जाहिरातही करायची नाही. ‘किडनीच्या रुग्णांसाठी सौम्य हालचाल आणि श्वास’ असं वर लिहिलेलं होतं. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं, आणि नंतर बघायला रेकॉर्डिंग. मी दोन वर्षं हिमोडायलिसिसवर आहे, म्हणजे माझं रक्त मशीनमधून गाळून परत अंगात सोडतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रत्येक वेळी चार तास. डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून शस्त्रक्रियेनं रोहिणीला जोडलेली शीर. त्याआधीची तीस वर्षं शिवणकाम केलं, तेही पायमशीनवर. त्यामुळे पोटऱ्या अशा होत्या की मुली चेष्टा करायच्या. डायलिसिस सुरू झाल्यावर त्या पोटऱ्या कुठं गेल्या कळलंच नाही. भूक मेलेली, रक्तात आम्ल वाढलेलं, मशीनमधून थोडी प्रथिनंही निघून जातात, वर दिवसभर पडून राहणं. स्नायूंचं कापड आतून विरत गेलं. खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यावा लागायला लागला, तेव्हा मुलीनं हा वर्ग शोधून काढला.

शिकवतात ते बादुआनजिन, हा एक चिनी व्यायाम, आणि शेवटच्या चार आठवड्यांत थोडं ताई ची. सरांनी पहिल्या दिवशी नावाचा अर्थ सांगितला आणि मी तिथंच फसले. बा म्हणजे आठ, दुआन म्हणजे तुकडे, जिन म्हणजे किनखाप. आठ किनखापी तुकडे! ज्या बाईनं आयुष्यभर किनखापाच्या काठाला सुई लावताना श्वास धरला, तिला अजून काय सांगायचं? हालचाली जुन्या आहेत, पण आता बहुतेक ठिकाणी शिकवतात तो एकसारखा पाठ चीनच्या क्रीडा खात्यानं २००३ साली ठरवून दिलेला आहे. सलग केला तर साधारण बारा मिनिटांत संपतो. उड्या नाहीत, जमिनीवर लोळणं नाही, चटई लागत नाही. एक भक्कम खुर्ची आणि हात पसरायला जागा, बस.

आता तक्रारी आधी सांगते, कारण त्या महत्त्वाच्या आहेत.

पहिली तक्रार वेळेची. वर्ग सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी पाच वाजता. किडनीच्या रुग्णांसाठी म्हणवता, तर एवढं तरी विचारा ना की तुमचे मशीनचे दिवस कुठले! पहिल्या सोमवारी मी मशीनवरून उतरून दोन तास झाले होते, तरी उत्साहानं कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. पहिला प्रकार, दोन्ही हात वर करून आभाळ पेलायचं, तो झाला. दुसरा, धनुष्य ओढायचं, तोही झाला. तिसऱ्याला डोळ्यांपुढं काळं आलं. कपाटाला धरलं म्हणून पडले नाही. उजव्या हातावर बीपी घेतलं तर ९६ वर ५८. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : चार तासांत अंगातलं दोन-अडीच लिटर पाणी काढून घेतलेलं असतं, वर बीपीच्या गोळ्या, उभं राहिलं की रक्त पायात उतरतं आणि डोकं कोरडं पडतं. शिवाय सुया नुकत्याच निघालेल्या, आत रक्त पातळ ठेवण्याचं औषध. त्या संध्याकाळी हात हलवण्यात शहाणपणा नव्हताच. हे मला माहीत असायला हवं होतं, मान्य. पण सरांनाही माहीत असायला हवं होतं.

त्यानंतर मी थेट वर्ग सोडले आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी रेकॉर्डिंग लावून करायला लागले. रविवारी सुट्टी. मशीनला दोन दिवसांचा खाडा पडलेला असतो, पाणी साचून पाय जड आणि धाप लागलेली, तेव्हा काही जमतही नाही.

दुसरी तक्रार पाण्याची. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी एक गोड आवाज म्हणतो, ‘आता भरपूर पाणी प्या आणि शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर टाका.’ अहो, माझी विषारी द्रव्यं मशीन बाहेर टाकतं! मला लघवी दिवसाला कपभर होते. पाण्याची मर्यादा चहा-आमटी धरून दिवसाला लिटरभर. जास्तीचा प्रत्येक घोट पुढच्या वेळी वजनकाट्यावर दिसतो, आणि जास्त पाणी ओढायला लागलं की पायात गोळे येतात. ज्यांची किडनी अजून बऱ्यापैकी चालते त्यांना पाण्याची बंधनं नसतीलही, पण हा वर्ग सगळ्यांना एकाच मापाचं ब्लाउज शिवून देतो.

तिसरी तक्रार तो सहावा प्रकार. दोन्ही हात पाठीवरून खाली सरकवत, पायांच्या मागून पावलांपर्यंत न्यायचे, गुडघे सरळ ठेवून, मग वर यायचं. परंपरेत या प्रकाराचं नावच किडनी आणि कंबर बळकट करणारा असं आहे. सर ते फार भक्तिभावानं सांगायचे. चिनी वैद्यकातली किडनी म्हणजे ताकदीचा साठा, अशी एक जुनी कल्पना आहे. माझ्या रिपोर्टातल्या किडनीशी तिचं नातं फक्त नावापुरतं. वाकून वर आलं की कंबर मोकळी होते हे खरं. पण माझ्या किडन्या बळकट होण्याच्या पलीकडे गेल्यात, आणि वाकून वर येणं हीच माझ्यासाठी सगळ्यात धोक्याची गोष्ट. मधुमेहानं ज्यांचे डोळ्यांचे पडदे खराब झालेत त्यांनाही डोकं खाली घालू नका असं सांगतात. वर्गात एक काका पोटाच्या डायलिसिसवर होते, त्यात मशीनऐवजी पोटात द्राव भरून रक्त साफ करतात. पोटात दोन लिटर द्राव घेऊन त्यांनी वाकायचं कसं? ते पाणी काढल्यावर रिकाम्या पोटानं वर्ग करायचे आणि सहाव्याला खुर्चीत बसून नुसती कंबर चोळायचे. मी त्यांचंच बघून तसं करते.

आमच्या नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीच्या डॉक्टर, बाईंना मी आठही प्रकारांचे फोटो दाखवले. वर्ग सुरू करायच्या आधीच दाखवायला हवे होते, पण असो. त्यांनी दोन मिनिटांत बघितले. सहाव्यावर काट मारली. आठव्यावर बोट ठेवून मला थांबवलं. आठव्यात टाचा उचलायच्या आणि दण्णकन खाली सोडायच्या, सात वेळा, म्हणजे अंगाला हादरा बसतो. बाई म्हणाल्या, ‘तुमचं पॅराथायरॉइड किती वाढलंय आठवतं ना? हाडांना हादरे नकोत.’ किडनी गेली की ड जीवनसत्त्व कामाला लागत नाही, फॉस्फरस साचतो, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक वाढतं, आणि हाडं आतून पोकळ व्हायला लागतात. म्हणून मी खुर्चीची पाठ धरते, टाचा हळू वर, हळू खाली. कपड्याला इस्त्री ठेवताना जशी टेकवतो तशी. हे चालेल म्हणाल्या.

डाव्या हाताबद्दल त्यांना विचारताना मला सगळ्यात जास्त भीती होती. फिस्टुलाच्या हातावर बीपी घ्यायचं नाही, जड उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, घट्ट घड्याळ बांधायचं नाही, ही यादी तोंडपाठ झाली की माणूस त्या हाताला देव्हाऱ्यात ठेवतो. मी दोन वर्षं तो पोटाशी धरूनच चालत होते. खांदा आखडून गेला होता. बाई म्हणाल्या, हात रिकामा हलवायला काहीच हरकत नाही, उलट बरं. आणि सातव्या प्रकारात मुठी आवळून पुढं ढकलायच्या असतात, ते तर शस्त्रक्रियेनंतर मऊ चेंडू दाबायला सांगतात त्याचंच भावंड.

आणि इथं वर्गाचं खरं देणं आहे. धनुष्याचा प्रकार. एक हात पूर्ण लांब करायचा, बोटाच्या टोकाकडं बघायचं, दुसऱ्या हाताचं कोपर मागं खेचायचं. डावा हात असा खांद्यापासून सरळ लांब केला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. पहिल्यांदा केला तेव्हा कातडीखाली फिस्टुलाची ती थरथर, मांजर गुरगुरल्यासारखी, इतकी स्पष्ट जाणवली की मी थांबले. तपासायला म्हणून रोज सकाळी बोटं ठेवून ती थरथर बघतेच मी, ती बंद पडली तर दवाखान्यात पळायचं असतं. पण ते बघणं म्हणजे पहारा. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हा माझाच हात आहे, मशीनला उसना दिलेला नाही. तिसऱ्या आठवड्यात वरच्या फळीवरचा डबा डाव्या हातानं काढला. रिकामा डबा होता, घाबरू नका.

सर शिकवतात ते हळू. खरंच हळू. ‘एक’ म्हणताना श्वास आत, ‘दोन’ म्हणताना बाहेर, आणि मध्ये श्वास रोखायला सांगत नाहीत. बीपीवाल्यांसाठी ते बरं. शिवणीत जशी माया सोडतात तशी प्रत्येक हालचालीत माया सोडायची, असं मी माझं मला सांगितलं : हात जातोय तिथवर न नेता दोन बोटं अलीकडं थांबायचं. ताई चीमध्येही हेच आहे, सांधा कधी पूर्ण ताणायचा नाही. पण ताई चीच्या भागात वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेत वळायचं असतं आणि तो भाग चार आठवड्यांत घाईघाईनं उरकला. पावलांना बधिरपणा असणाऱ्यांना जमिनीचा अंदाज यायला वेळ लागतो. तिथं मी मागं पडले ती पडलेच. म्हाताऱ्या माणसांचं पडणं ताई चीनं कमी होतं याला चांगला पुरावा आहे, म्हणजे तोच भाग नीट शिकवायला हवा होता.

पहिल्या दिवशी पडद्यावर ‘आठवड्याला १५० मिनिटं’ असं मोठ्या अक्षरात दाखवलं होतं. आकडा खोटा नाही. किडनीच्या आजाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय सूचनांमध्ये तो आहे. पण त्याच वाक्यात पुढं ‘किंवा ज्याला जेवढं झेपेल तेवढं’ असंही आहे, ते मात्र पडद्यावर नव्हतं. मी आठ मिनिटांनी सुरुवात केली. आता पंचवीस मिनिटं होतात, मध्ये एकदा बसून.

फरक काय पडला? सुरुवातीला तीस सेकंदांत हात न टेकता खुर्चीतून सात वेळा उठले होते. बाराव्या आठवड्यात अकरा वेळा. एका पायावर चार सेकंद टिकत होते, आता बारा-तेरा. शिंपिणीचा हिशोब आहे, टेप लावल्याशिवाय बोलत नाही. पण याच काळात माझं हिमोग्लोबिन ८.९ वरून १०.४ झालं. रक्त वाढवणारं जे संप्रेरक किडनी आता बनवत नाही त्याचं इंजेक्शन वाढवलं होतं. मग त्या जास्तीच्या चार उठण्यांतल्या किती वर्गाच्या आणि किती इंजेक्शनच्या? सांगता येणार नाही. बीपीही सुधारलं, पण कोरडं वजन, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावर जे उरायला हवं ते, अर्ध्या किलोनं बदललं होतं, त्यामुळे ते श्रेय मी वर्गाला देत नाही. रात्रीची पायांची तळमळ तशीच. खाज तशीच. वर्गातल्या एक ताई, अजून डायलिसिस न लागलेल्या, दर महिन्याला क्रिएटिनिनचा (किडनी किती चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) रिपोर्ट घेऊन यायच्या आणि ०.१ नं उतरलं की पेढे वाटल्यासारखा मेसेज टाकायच्या. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, की एवढं तर पाणी कमी-जास्त प्यायल्यानंही हलतं. सर अंगठा दाखवायचे. हे मला आवडलं नाही.

एक गोष्ट मात्र टेपनं मोजता येत नाही. मशीनवर तिसऱ्या तासाला जीव कासावीस होतो. घड्याळ पुढं सरकत नाही, शेजारच्या खाटेवरचा अलार्म वाजतो, मन भलतीकडं जातं. आता मी तेव्हा तिसरा प्रकार करते, नुसत्या उजव्या हातानं आणि बाकी मनात. एक हात वर, एक हात खाली, श्वास मोजत. डावा हात सुयांसकट स्थिर. नर्स पहिल्यांदा बघून म्हणाली, ‘मावशी, काही हवंय का?’ आता विचारत नाही.

कुणी घ्यावा? ज्यांना रोज थोडं चालता येतं आणि ज्यांचे डॉक्टर आठ फोटो बघायला दोन मिनिटं देतील, त्यांनी. गळ्यात डायलिसिसची नळी (कॅथेटर) असेल तर हात वर करण्याबद्दल आणि चौथ्या प्रकारात मागं वळून बघण्याबद्दल आधी विचारा. छातीत दुखत असेल, पायावर नवी सूज असेल, तर त्या दिवशी राहू द्या. एकट्यानं करू नका, निदान पहिले काही दिवस घरात कुणी असू द्या. वर्ग रेडिमेड आहे, अंगावर बसवून घ्यायचं काम आपलं. पाचपैकी साडेतीन देते. अर्धा गुण फक्त त्या धनुष्याचा.

पुढच्या तुकडीत नाव घातलंय. मशीनचे दिवस विचारणारा रकाना आता अर्जात आहे, आम्ही चौघांनी पत्र लिहिल्यावर आला. पाण्याचं वाक्य मात्र अजून तिथंच आहे.