‘अ थीफ इन द नाइट’: भीती अस्सल, पण ओढ कुठे आहे?

युगाच्या अंतावरचे ख्रिस्ती सिनेमे बघायचे असतील तर सुरुवात १९७२ च्या ‘अ थीफ इन द नाइट’पासून करा. बहुतेकांनी तिथेच थांबलं तरी काही बिघडणार नाही. नंतर या विषयावर पुष्कळ पैसा ओतला गेला, आकाशातली विमानं आली, निकोलस केज आला. पण बेसिनमध्ये पडून चालू राहिलेल्या दाढीच्या इलेक्ट्रिक मशीनने जे साधलं, ते पुन्हा कोणाला जमलं नाही.

मी मूळची नगरची. आता अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहते, आणि हा सिनेमा इथलाच, डे मॉइन शहरातला. मार्क फोर पिक्चर्स नावाची छोटी कंपनी, दिग्दर्शक डोनाल्ड थॉम्पसन, निर्माता रसेल डाउटन, खर्च जेमतेम ६८,००० डॉलर. डाउटनचा १९५८ च्या ‘द ब्लॉब’ या गाजलेल्या भयपटाच्या निर्मितीतही हात होता, आणि ते इथे दिसतं. प्रेक्षकाला नेमकं कधी दचकवायचं हे या माणसांना ठाऊक होतं.

गोष्ट पॅटी नावाच्या तरुणीची. ती चर्चला जाते, अधूनमधून बायबल उघडते, स्वतःला ख्रिस्ती समजते. तिचा नवरा साप चावून मरणाच्या दारातून परत येतो आणि मनापासून विश्वास धरतो. पॅटी मात्र ‘बघू पुढे’ म्हणत राहते. एका सकाळी तिला जाग येते ती रेडिओच्या आवाजाने. लाखो माणसं एकाएकी नाहीशी झाल्याची बातमी चालू आहे, म्हणजे प्रभूने विश्वासणाऱ्यांना उचलून नेलंय. ती नवऱ्याला हाक मारते, उत्तर नाही. आतून मशीनची घरघर येते आहे. ती जाऊन बघते तर मशीन बेसिनमध्ये चालू, माणूस नाही. ढग फाटत नाहीत, कर्णा वाजत नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात जात्यावर दळणाऱ्या दोघींपैकी एक घेतली जाते आणि एक ठेवली जाते, तो प्रसंग असा सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन घरात आणून ठेवलाय. माझ्या आजीच्या घरात जातं होतं, तिला तो अध्याय समजावून सांगावा लागला नसता. इथल्या लोकांना तो या मशीनने समजावला.

पुढे ‘युनाइट’ नावाचं जागतिक सरकार येतं, हातावर किंवा कपाळावर खूण घेतल्याशिवाय व्यवहार बंद होतात, पॅटी पळत राहते. हा भाग आज कच्चा वाटतो. नट हौशी आहेत, पाठलाग लांबलाय, रंग विटलेत. शेवट मात्र विसरता येत नाही. पुलावरून पडताना पॅटी दचकून जागी होते, म्हणजे सगळं स्वप्न होतं, आपण सुटकेचा श्वास घेतो, आणि तेवढ्यात रेडिओवर तीच बातमी लागते. पुन्हा तीच घरघर, पुन्हा तेच रिकामं घर.

हा सिनेमा थिएटरवर जगला नाही. सोळा मिलिमीटरची रिळं चर्चच्या तळघरांत, युवकांच्या शिबिरांत, शाळांच्या हॉलमध्ये फिरली. तिकीट नाही, त्यामुळे हिशेबही नाही. निर्मात्यांचा दावा ३० कोटी प्रेक्षकांचा आहे. तो पडताळायला मार्ग नाही, पण अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल चर्चमध्ये वाढलेल्या पन्नाशी-साठीच्या माणसाला नुसतं नाव सांगून बघा. चेहरा बदलतो. कोणी सांगतं, त्याच रात्री मी गुडघे टेकले आणि आजवर मागे वळलो नाही. कोणी सांगतं, शाळेतून घरी आलो, आई दिसली नाही आणि मी अंगणात उभा राहून किंचाळलो. या दुसऱ्या अनुभवाला इथे आता नाव आहे, रॅप्चर अँग्झायटी, म्हणजे बाकीचे उचलले गेले आणि आपण मागे राहिलो ही धास्ती. दोन्ही साक्षी मी गंभीरपणे घेते. पहिली खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

अलीकडे मी इथल्या एका चर्चच्या तळघरात युवकांसाठी ठेवलेला याचा खेळ पाहिला. मुलं सुरुवातीला कपड्यांना आणि केसांना हसत होती. ‘युनाइट’च्या गाड्या आल्या तेव्हाही हसली. शेवटचा रेडिओ लागला आणि हॉल गप्प झाला. दिवे लागायच्या आत आयोजकांनी विचारलं, आज रात्री प्रभू आला तर तुम्ही कुठे असाल? हात वर करा. बरेच हात वर गेले. माझ्या शेजारी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, मोठ्या भावाबरोबर आलेली. तिने हात वर केला नाही. ती उठली, मागच्या उंच खिडकीखाली खुर्ची ओढली आणि वर चढून पार्किंगमध्ये आईची गाडी दिसते का ते बघू लागली. गाडी अजून आली नव्हती. मी तिच्या भावाच्या फोनवरून आईला फोन लावून दिला. ‘हॅलो’ ऐकल्यावर ती रडली. आयोजक तेव्हा पुढे हात मोजत होते.

तिच्याजवळ उभी असताना मला या सिनेमाचा खरा दोष दिसला. त्या मुलीला येशू हुकेल असं वाटलं नव्हतं, आई हुकेल असं वाटलं होतं. सिनेमाही हेच शिकवतो. पॅटी सबंध वेळ नवऱ्यासाठी, घरासाठी, जिवासाठी तळमळते, प्रभूसाठी एकदाही नाही. प्रभू पडद्यावर येतच नाही. त्याने नेलेल्या माणसांच्या रिकाम्या जागा तेवढ्या दिसतात. तो रात्री चोरासारखा येईल असं प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो खरा, पण त्याच पत्रात तो त्यांना ‘प्रकाशाची प्रजा’ म्हणतो आणि या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा असंही सांगतो. सांत्वन! येशूच्या दाखल्यातल्या दहा कुमारिका दिवे घेऊन बसतात त्या वराला भेटायला, पोलिसांना चुकवायला नव्हे. आमच्या नगरच्या चर्चमध्ये नाताळाआधीच्या आगमनकाळात ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं म्हणताना मला लहानपणी कधी भीती वाटली नाही. कोणीतरी आपलं माणूस येणार आहे असं वाटायचं. ही ओढ या सिनेमात शोधून सापडत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी मुलांना सांगायलाच हवी. विश्वासणारे आधी गुपचूप उचलले जातील आणि मग उरलेल्यांवर महासंकट येईल, ही मांडणी सगळ्या ख्रिस्ती मंडळीची नाही. १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने तिला आकार दिला, १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमधल्या टिपांनी ती अमेरिकेत घरोघर पोचवली. जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल हे आम्ही मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, दर रविवारी म्हणतो, पण वेळापत्रक म्हणत नाही. सिनेमा हा फरक सांगत नाही. उलट अशा वेळापत्रकावर शंका घेणाऱ्या पाळकाला, म्हणजे पाद्र्याला, तो खोटा ठरवून मागे ठेवतो. हे मला फार लागलं, कारण असे कितीतरी पाळक मी पाहिलेत. त्यांनी माणसं पुरली, माणसं उभी केली आणि तारखा-तक्त्यांच्या वाटेला कधी गेले नाहीत.

आता नंतरच्या सिनेमांबद्दल थोडक्यात. ‘लेफ्ट बिहाइंड’ हा कर्क कॅमेरनचा सिनेमा २००० साली आधी व्हिडिओवर आणि मग २००१ मध्ये थिएटरात आला. सरळ, टीव्ही मालिकेसारखा, बसून बघता येतो, मनात राहत नाही. २०१४ ची निकोलस केजची आवृत्ती टाळा. जवळपास सगळा वेळ विमान उतरवण्यातच जातो. ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या ख्रिस्ती मासिकाच्या समीक्षकाने तर हा ख्रिस्ती सिनेमाच नव्हे असं लिहिलं, आणि मला ते पटतं. वचन ज्यांनी उघडलंय त्यांना त्यात वचन दिसत नाही, ज्यांना थरार हवा त्यांना थरार मिळत नाही.

‘थीफ’चे स्वतःचे तीन पुढचे भाग आहेत. दुसऱ्यात, म्हणजे १९७८ च्या ‘अ डिस्टंट थंडर’मध्ये, पॅटी गिलोटीनसमोर, शिरच्छेदाच्या यंत्रासमोर, येऊन ठेपते. मोठ्यांनी बघायला हरकत नाही, मुलांना अजिबात नको. तिसरा आणि चौथा फक्त अभ्यासकांसाठी.

पहिला भाग चर्चमध्ये दाखवायचा असेल तर बारा वर्षांखालच्यांना आत घेऊ नका, भावंडांबरोबर आली तरी. सिनेमा संपल्यावर लगेच हात वर करायला लावू नका. आधी दिवे लावा, चहा द्या, मुलांना घरी फोन करू द्या. मग थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय तेराव्या वचनापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा. सांत्वनाचं ते अठरावं वचन गाळू नका. त्यानंतर कोणाला प्रार्थना करायची असेल तर त्याच्याशेजारी जाऊन बसा.