फ्लाइटचं अंतर सांगणारं अ‍ॅप: किलोमीटर पक्के, तास अंदाजे (साडेतीन स्टार)

आमच्या कुडाळात घरटी एक माणूस तरी बाहेर आहे, कोण मस्कतला, कोण लंडनला, त्यामुळे विमान सुटलं की शेजारच्या काकींचं सुरू, "पोचलो काय झिल?" (म्हणजे मुलगा पोचला का). म्हणून हे अ‍ॅप टाकलं. फुकट आहे, दोन एअरपोर्ट टाकायचे की अंतर आणि वेळ येते.

अंतराबद्दल तक्रार नाही. मुंबई-लंडन साधारण ७२०० किमी दाखवतं, मुंबई-सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार, आणि नकाशावर रेघ बघाल तर ती पार वर उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते. अ‍ॅप गंडलंय असं वाटेल पण नाही, पृथ्वी गोल आहे ना, पोरांच्या ग्लोबवर दोरा ताणून बघा, तो तसाच जातो. फक्त सेटिंगमध्ये आधी किमी करून घ्या, नाहीतर माइलमध्ये लंडन ४४८० दिसतं आणि घरात उगाच वाद.

वेळेचं मात्र नुसतं भागाकाराचं काम आहे. ताशी आठशे-साडेआठशे किमीचा वेग धरायचा, टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास मिळवायचा, झालं. त्यामुळे लंडनला जाताना आणि येताना सारखेच साडेनऊ तास. असं होत नाही हो! दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे असतात, जेट स्ट्रीम म्हणतात ते, थंडीत तर जास्तच. येताना ते पाठीवर घेऊन विमान लवकर येतं आणि जाताना त्यांच्याशी भांडत जातं. शिवाय एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, ती विमानं वळसा घालून जातात. अ‍ॅपला त्याचा पत्ताच नाही, ते नकाशावरची सगळ्यात जवळची रेघच मोजतं. म्हणून वेळ हवी तर तिकिटावरची बघा.

घड्याळाचा हिशोब मात्र मस्त करतं. लंडन उन्हाळ्यात साडेचार तास मागे, थंडीत साडेपाच, हे त्याला बरोबर कळतं, मार्च-ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात तेसुद्धा. फोन कधी करायचा हे मी त्यावरच बघते.

एक गोष्ट आपल्या लोकांनी सांभाळा. गोव्यात एअरपोर्ट दोन, पण 'गोवा' टाकलं की यादीत पहिल्यांदा दाबोळी येतं, मोपा त्याच्या खाली. आपल्या सिंधुदुर्गवाल्यांना मोपा जवळचं, पेडण्यात, आणि दाबोळी पार वास्कोजवळ. एअरपोर्टचे तीन अक्षरी कोड लक्षात ठेवा, मोपा जीओएक्स, दाबोळी जीओआय, आपल्या सिंधुदुर्गातलं चिपी एसडीडब्ल्यू. कोड टाकला की घोळ नाही.

जाहिराती लय आहेत, दर दुसऱ्या सर्चला व्हिडिओ. नेट बंद करून वापरा, अंतर तरीही येतं आणि जाहिरात येत नाही.