आरमाराच्या गेमसाठी पैसे मागणारा माणूस तुमच्याकडेही येईल

विजयदुर्गाच्या आरमारावर गेम बनवतो असं सांगून आमच्या गावांतून एका माणसाने पैसे गोळा केले. त्यात माझे 2,000 रुपये आहेत. तोच आता दुसरं नाव आणि दुसरा किल्ला घेऊन रत्नागिरीच्या बाजूला फिरतोय असं कानावर आलं, म्हणून घाईने लिहितोय.

तो गणपतीत आला. चाकरमानी घरी आलेले, वाडीवाडीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागे झालेले, आरतीनंतर माणसं मंडपात बसलेली. आजोळ इकडचंच, पुण्यात गेम कंपनीत होतो, आता नोकरी सोडून स्वतःचा गेम करतोय, असं तो सांगायचा. लॅपटॉपवर व्हिडिओ दाखवायचा: किल्ला, वाघोटनची खाडी, जहाजं, तोफांचा धूर. 1756 मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. गेममध्ये खेळणाऱ्याने ते वाचवायचं. विजयदुर्गाजवळच्या गिर्येची गोदी बघत जे लहानाचे मोठे झाले, त्यांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला.

500 रुपये दिले तर शेवटच्या नामावलीत नाव. 2,000 दिले तर एका गलबताला तुमच्या वाडीचं नाव. 10,000 दिले तर तुमच्या आजोबांचा चेहरा तांडेलाला, म्हणजे जहाज चालवणाऱ्या प्रमुखाला. या शेवटच्या गोष्टीसाठी लोकांनी कपाटातले जुने फोटो काढून दिले. एका घराने तर वारलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो दिला, तोही परत आलेला नाही. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

त्याची उदाहरणं खरी होती, हे लक्षात ठेवा. 2012 साली अमेरिकेतल्या डबल फाइन या गेम कंपनीने किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवायच्या वेबसाइटवर, चाहत्यांकडून 33 लाख डॉलर उभे केले आणि गेम पूर्णही केला. हे तो सांगायचा, आणि कुणी मोबाइलवर शोधलं तर ते खरंच सापडायचं. मग पुढचंही खरं वाटायचं. पण किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम मुदतीत जमली नाही तर देणाऱ्याच्या खात्यातून एक पैसाही जात नाही, हे त्याने कधी सांगितलं नाही. पुण्याच्याच एका स्टुडिओने ‘राजी’ या गेमसाठी 2017 मध्ये तिथे मोहीम केली होती. लक्ष्य गाठलं गेलं नाही, कुणाचे पैसे कापले गेले नाहीत, आणि त्यांनी दुसऱ्या मार्गाने 2020 मध्ये गेम बाजारात आणला. आमच्याकडचे पैसे मात्र क्यूआर कोडवरून थेट एका माणसाच्या बचत खात्यात गेले. लक्ष्य किती, जमले किती, मुदत कधीची, काहीच लिहिलेलं नव्हतं.

पहिली शंका घेतली ती आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी. व्हिडिओ बघून ते म्हणाले, “ह्या गलबत आपला नाय.” बरोबर होतं. गुराब म्हणजे आंग्र्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज; तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, समोर लांब, पाण्यालगत काढलेली असते. व्हिडिओतल्या जहाजांना मागे उंच मजले होते, युरोपातल्या जहाजांसारखे. संगणक शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तीच जहाजं गेम बनवणाऱ्यांसाठीच्या एका ऑनलाइन दुकानात तयार विकायला ठेवलेली शोधून काढली. तयार सामान वापरणं गुन्हा नाही, प्रामाणिक लोकही वापरतात. पण हा तर गोदीची मापं घेऊन आमच्या टीमने बनवलं असं शपथेवर सांगत होता.

दिवाळीनंतर दुसरी मागणी आली. स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, गेम चढवायची फी 50,000 रुपये, ती भरली की महिन्याभरात गेम हातात. स्टीमची फी दर गेममागे 100 डॉलर आहे, म्हणजे दहा हजारांच्याही आत. ग्रुपवर हे विचारणाऱ्याला त्याने काढून टाकलं, आणि थोड्याच दिवसांत ग्रुपही बंद केला.

गेम रखडणं म्हणजे फसवणूक नव्हे, हे मी मुद्दाम लिहितोय. दोन-तीन मुलांनी मिळून केलेला गेम वर्ष-दोन वर्षं सहज लांबतो, कधी बुडतोही. देवगडात नाहीतर मालवणात उद्या एखादी पोरगी खरोखर गेम बनवायला बसेल, तेव्हा या माणसामुळे तिला दारातून परत पाठवू नका. तिला फक्त म्हणा, तुझा गेम माझ्या हातात दे. अर्धवट असू दे, पाच मिनिटांचा असू दे, पण माझ्या बोटांनी चालला पाहिजे. आमच्याकडे कितीदा मागूनही “बिल्ड (म्हणजे गेमची चालणारी प्रत) टीमकडे आहे” एवढंच उत्तर मिळालं. आणि पैसे जातात कुठे, ते विचारा. अमेरिकेत एकाने बोर्ड गेमसाठी 1,22,000 डॉलर जमवले आणि घरभाड्यावर व स्वतःच्या सामानावर उडवले. 2015 मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने त्याच्यावर कारवाई केली. म्हणजे अशा प्रकरणात दाद मागता येते.

आपल्याकडे 1930 हा सायबर फसवणुकीचा फोन क्रमांक आहे, सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आम्हाला उशीर झाला, तरी आम्ही तक्रार दिली आहे. यूपीआयच्या पावतीवरचा व्यवहार क्रमांक, त्याचे मेसेज, व्हिडिओ, क्यूआर कोडचा फोटो, यातलं काहीही पुसू नका. 500 रुपयेच गेले म्हणून गप्प बसलेली बरीच घरं मला माहीत आहेत. त्यांनीही आपापली तक्रार द्यावी, आणि फोटो दिला असेल तर तसं तक्रारीत स्पष्ट लिहावं.