अक्कलदाढ काढल्यानंतरची सूज: सात-आठ महिन्यांनंतर लिहिते आहे

खालची उजवी अक्कलदाढ काढून आता सात-आठ महिने झाले. दाढ आडवी होती, निम्मी हाडात रुतलेली आणि पुढच्या दाढेला टेकलेली. वरची हिरडी सारखी सुजायची, तोंड उघडेनासं व्हायचं. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, पाहून डॉक्टर म्हणाले, काढूनच टाका. आम्ही अमळनेरचे, दवाखाना जळगावला. हिरडी कापून, थोडं हाड कोरून, दाढेचे तुकडे करून काढली. भूल नीट चढली होती, त्यामुळे त्या तासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सांगायचं आहे ते सुजेबद्दल, कारण घरातले सगळे तिलाच घाबरले.

पहिल्या रात्री गाल जरासाच जड वाटत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कानापासून हनुवटीपर्यंत टम्म! सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘गाल भलता सुजेल शे!’ आणि लगेच तव्यावर फडकं गरम करायला निघाल्या. आपल्याकडे कुठल्याही सुजेला शेक हेच पहिलं औषध. पण इथे पहिले एक-दोन दिवस बर्फच लावायचा, तोही रुमालात गुंडाळून, वीस मिनिटं लावायचा आणि वीस मिनिटं थांबायचं. उष्णतेने रक्त जास्त धावतं आणि सूज वाढते. शेक द्यायचा तो दोन दिवसांनंतर. एवढं समजावल्यावर दर वेळी बर्फ फोडून त्यांनीच आणून दिला. हाड कोरून काढलेल्या दाढेची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरू लागते, हे आधी माहीत असलं की रात्री झोप लागते.

माझी सूज उतरली, पण पूर्ण नाही. टाके काढले तरी जबड्याच्या कोपऱ्यावर सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागायची आणि तोंडात जेमतेम दीड बोट जायचं. एरवी आपली तीन बोटं उभी मावतात. पू झाला असेल या धास्तीने मी पुन्हा जळगाव गाठलं. डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली, ताप विचारला, चव विचारली. ताप नाही, तोंडात घाण चव नाही, गाठ रोज थोडी लहान होतेय. म्हणजे चावण्याचा स्नायू आखडलाय आणि आत साकळलेलं रक्त हळूहळू जिरतंय. मग गरम शेक आणि व्यायाम सुरू केला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. कंटाळवाणं काम आहे, पण तोंड उघडलं ते यानेच. सूज किती आहे यापेक्षा ती कमी होतेय की वाढतेय, हे बघायचं. उतरून परत चढली, ताप आला, गिळायला त्रास झाला किंवा श्वास अडकल्यासारखा वाटला, तर घरी थांबायचंच नाही.

माझ्यावर ही वेळ आली साधारण महिन्याभराने. सगळं ठीक चाललेलं असताना गाल परत फुगला, दुखू लागला. दाढेच्या खड्ड्यात अन्नाचे कण अडकून जंतुसंसर्ग झाला होता. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत असं उशिराही होऊ शकतं, म्हणून टाके निघाले की सुटलो असं समजू नका. डॉक्टरांनी खड्डा धुतला, प्रतिजैविकं दिली आणि वाकड्या टोकाची प्लास्टिकची सिरिंज हातात ठेवली. जेवण झालं की कोमट मिठाच्या पाण्याने खड्डा धुवायचा. सगळ्या सामानात मला सर्वात उपयोगी पडलेली वस्तू हीच. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश चांगला आहे, पण जास्त दिवस वापरला की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव जाते, म्हणून डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस वापरायचा.

जेवणाचं मात्र हाल झालं. ऐन थंडी, बाजारात आसोद्याची वांगी, घरोघरी भरीत, आणि माझ्या ताटात गार केलेली मुगाची खिचडी. वांगं मऊ असलं तरी त्यातली ठेचलेली हिरवी मिरची झोंबते आणि शेंगदाण्याचे तुकडे नेमके खड्ड्यात जातात. कळण्याची भाकरी तर लांबच. केळं दुधात कुस्करून चमच्याने खाणं हाच मोठा आधार होता. स्ट्रॉने काही ओढायचं नाही, जोरात थुंकायचंही नाही, नाहीतर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. माझ्या जाऊबाईंना तसं झालं होतं. औषधाची पट्टी भरून घ्यावी लागली.

मिश्री लावणाऱ्या बायाबापड्यांना माझी हात जोडून विनंती आहे: जखम भरेपर्यंत तरी तंबाखू तोंडात जाऊ देऊ नका. त्याने जखम भरायला वेळ लागतो आणि तो ठणका लागण्याची भीतीही वाढते. दुखतं म्हणून मिश्री दाबून धरतात, हे मी स्वतः पाहिलंय.

आता गाठ नाही, तीन बोटं आरामात जातात, खड्डा वरून पूर्ण भरलाय. खालच्या ओठाची एक बाजू काही आठवडे बधिर होती, तीही पूर्ववत झाली. डावीकडची अक्कलदाढ सरळ आली आहे, ब्रशही पोचतो; डॉक्टरांनी ती तशीच ठेवायला सांगितली आहे.