शिक्षेच्या कोठडीतल्या कैद्यासाठी मोफत वकील: सेवा खरी, पण अर्ज नेमका हवा

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं काम जिल्हा न्यायालयातून चालतं. खर्चाच्या बाबतीत पाचपैकी पाच गुण. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार अटकेत किंवा तुरुंगात असलेल्या कोणालाही वकील फुकट मिळतो, कच्चा कैदी असो की पक्का. उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे दाखल्यासाठी तहसीलच्या फेऱ्या मारू नका. फोनसाठी 15100.

घोळ होतो अर्जात. पारोळ्याकडची आई सांगते, ‘पोऱ्याले एकलाले कोंडी ठेयेल शे’ (पोराला एकट्याला कोंडून ठेवलंय), आणि कागदावर उतरतं ‘छळ होत आहे’. मग ‘सुरक्षेसाठी वेगळं ठेवलंय’ एवढ्या एका ओळीच्या उत्तरात विषय मिटतो.

आधी प्रकार विचारा. 1894 च्या तुरुंग कायद्याच्या कलम 46 मध्ये एकटं ठेवायच्या दोन शिक्षा आहेत. पहिली तीन महिन्यांपर्यंत. तीत रोज किमान तासभर व्यायाम आणि जेवायला निदान एक कैदी सोबत. दुसरी कडक. इतर कैदी नुसते दिसायचे, बोलणं बंद. ती 14 दिवसांवर जात नाही, आणि दहा दिवस भोगले की पुढचे दहा दिवस ती पुन्हा लावता येत नाही. तारखा एकमेकींना चिकटल्यात का, ते बोट ठेवून बघा.

अर्जात तीनच गोष्टी मागा. शिक्षेच्या नोंदवहीतला उतारा: गुन्हा कोणता, शिक्षा कोणती, कधीपासून. चोवीस तासांवर कोंडलं असेल तर डॉक्टरांच्या रोजच्या भेटीची नोंद. आणि सत्र न्यायाधीशांना कळवल्याचं पत्र. सुनील बत्रा प्रकरणात 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन घातलं, तातडी असली तरी दोन दिवसांत. बहुतेक अर्जांत नेमकं हेच राहून जातं. कलमांचे आकडे मात्र वकिलाकडून तपासून घ्या, केंद्राच्या 2023 च्या आदर्श कायद्यानंतर राज्यं आपापले कायदे बदलू लागली आहेत.

वेळेला पाचपैकी दोनच. टपालाने पाठवलेला अर्ज वकिलाच्या हाती पडेपर्यंत शिक्षेचे 14 दिवस उलटून जाऊ शकतात. हातोहात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. कैदी त्या कोठडीतून बाहेर आला म्हणून अर्ज मागे घेऊ नका. नोंद वहीत राहते आणि माफीचे दिवस (शिक्षेतली सूट) किंवा फर्लो (तुरुंगातून मिळणारी ठरावीक रजा) मागताना आडवी येते.