गौताळ्याची पाणलोट फेरी: धबधबे ओसरल्यावर जा

छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यांच्या सीमेवरच्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात गाईडसोबत पायी फिरायला बहुतेक मंडळी जुलै-ऑगस्टमध्ये, धबधब्यांसाठी येतात. आमचा सल्ला ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. पाऊस उघडल्यावरही जे पाणी वाहत राहतं ते डोंगराने मुरवलेलं असतं, आणि ही फेरी करायची ती त्यासाठीच.

१९८६ साली घोषित झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे जंगल अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे आणि ही रांगच जलविभाजक आहे. दक्षिण उताराचं पाणी शिवनेतून गोदावरीला, म्हणजे जायकवाडीत जातं. उत्तरेला पाटणादेवीकडे उतरलेलं पाणी डोंगरी, तितूर, गिरणा असं करत तापी गाठतं. हे माथ्यावर उभं राहून समजावून सांगणारा गाईड मिळाला तर फेरीचे निम्मे पैसे तिथेच वसूल. कन्नड गावाकडचे स्थानिक गाईड यात तयार आहेत.

सगळ्यात बघण्यासारखी जागा मात्र नाल्याच्या दरडीत आहे. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी-लाल, मऊ मातीचा पट्टा दिसतो, नखाने खरवडला की भुगा होतो. वरच्या कातळाच्या भेगांतून उतरलेलं पाणी या चिकण पट्ट्यावर अडतं आणि आडवं सरकत बाहेर येतं. म्हणून झिरे एका रेषेत सापडतात. त्या रेषेवर हिरवं शेवाळ आणि नेचे, तर हातभर खाली कोरडा दगड. गाईड पट्ट्यापाशी थांबला नाही तर त्याला थांबवा आणि विचारा. सीतान्हाणी या इथल्या ठिकाणाची आख्यायिका तो न विचारताही सांगेल.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे बाटलीचा प्रयोग. अर्धा लिटर पाणी पाचोळ्याच्या जमिनीवर ओतायचं, तेवढंच अभयारण्याबाहेरच्या गुरं चरलेल्या बरडीवर. पाचोळ्यात ते पाहता पाहता जिरतं, बरडीवर गढूळ होऊन उताराला लागतं. सागाबद्दलही नीट ऐका. त्याच्या रुंद पानांवर पावसाचे थेंब एकत्र येऊन मोठे होतात आणि खालच्या मातीवर जोरात आदळतात. झाडाखाली पाचोळा, गवत, झुडपं असतील तरच माती टिकते. वणव्यात पाचोळा जळाला की झाडं उभी असूनही माती वाहून जाते. जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, वेळेत साफ करणं किती मोलाचं आहे, ते इथे कळतं.

खटकलं ते गटाचं माप. एका गाईडमागे वीस-पंचवीस जण असले की शेवटच्याला काहीच ऐकू येत नाही, आणि मागे कोण राहिलं हेही कळत नाही. आठ-दहाच्या वर माणसं असतील तर शेवटी चालणारा दुसरा माणूस मागा. सकाळी सातच्या आत निघा. नऊनंतर कातळ तापतो, पक्षी गप्प होतात.

प्रत्येकी तीन लिटर पाणी घ्या. बुटांचे तळवे झिजलेले नकोत, कारण वाळलेलं काळं शेवाळ कोरडं वाटतं पण भिजलं की पाय सटकतोच. ऑक्टोबरात कुसळं मोज्यात घुसून घोटे सोलतात, त्यामुळे लोकरी मोजे टाळा आणि जाड, गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला. पावसाळ्यातच जाणार असाल तर नाल्याच्या पात्रात जेवायला बसू नका. डोक्यावर ऊन असलं तरी माथ्याकडे पाऊस पडलेला असू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं किंवा काटक्या वाहत आल्या, की सामान सोडून काठ चढायचा.

पितळखोऱ्याची लेणी याच फेरीला जोडतात, पण दोन्ही एका दिवसात उरकण्याची घाई होते. लेण्यांना वेगळी सकाळ द्या. तिकडे कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर आणि आरडाओरडा, तिन्ही वर्ज्य.

प्रवेशशुल्क, गाडी आणि गाईडचे पैसे वेगवेगळे असतात. निघण्याआधी तिन्ही ठरवून घ्या, आणि नाक्यावरच्या वहीत नावं स्वतः नोंदवा.