पायावरून हातात परत येणारा चेंडू

आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात नोकरी करणारी भाची दिवाळीत पुण्याला आली, तेव्हा तिने माझ्यासाठी ओनील्स या आयरिश कंपनीचा पाच नंबरचा गेलिक फुटबॉल, म्हणजे हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायच्या आयरिश खेळाचा चेंडू, आणला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तळजाईच्या मैदानावर तो वापरत असल्यामुळे त्याविषयी थोडे अधिकाराने लिहिता येईल असे वाटते.

प्रथम पाहणाऱ्याला हा व्हॉलीबॉलच वाटतो, कारण त्याचे 18 पट्टे तशाच धाटणीने जोडलेले आहेत. नियमाप्रमाणे त्याचा घेर 68 ते 70 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या फुटबॉलएवढाच असतो. वजन मात्र 480 ते 500 ग्रॅम, म्हणजे थोडे जास्त. या जादा वजनाचे मोल कळायला मला दोन रविवार लागले. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन चार पावलांपेक्षा अधिक धावता येत नाही. मग त्याचा टप्पा मारायचा, किंवा तो बुटाच्या टोकावर सोडून हलकेच पुन्हा हातात उडवायचा, ज्याला ‘सोलो’ म्हणतात. सलग दोन टप्पे मारता येत नाहीत, म्हणून सोलो शिकण्यावाचून सुटका नाही. नेहमीच्या फुटबॉलने हा प्रयत्न केला तेव्हा तो दर वेळी कुठेतरी भरकटला. हा चेंडू मात्र सरळ खाली उतरतो आणि, पायाचा कोन बरोबर असेल तर, छातीपाशी परत येतो. टिळक रस्त्यावरच्या एका दुकानात मध्यंतरी त्यात इतकी हवा भरून दिली गेली की आठवडाभर तो पायावरून दगडासारखा उसळत राहिला. तेव्हा हवा बेताचीच ठेवावी.

चेंडूची हौस मला मुळात आयर्लंडमधल्या केरी काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) डेव्हिड क्लिफर्ड या गेलिक फुटबॉलपटूमुळे लागली. आपल्याकडे कबड्डीपटू वर्षभर मंडळाकडून खेळतो आणि निवड झाल्यास राज्य स्पर्धेत जिल्ह्याचा गणवेश चढवतो; तिथेही तसेच आहे, फक्त वर लिलावाची पायरी नाही. खेळ हौशी असल्याने मानधन नाही, आणि क्लिफर्ड पेशाने शिक्षक आहे. त्याचा क्लब किलार्नीजवळच्या फॉसा या लहानशा गावाचा, तर काउंटी केरी, जिने 2025 पर्यंत वरिष्ठ गटाची 39 ऑल-आयर्लंड, म्हणजे देशपातळीवरची, विजेतेपदे मिळवली आहेत. 2017 च्या कुमार गटाच्या अंतिम सामन्यात त्याने डेरीविरुद्ध 4 गोल आणि 4 पॉइंट केले. गोल तीन गुणांचा आणि आडव्या दांडीवरून मारलेला पॉइंट एरवी एका गुणाचा धरला जातो, म्हणजे एकट्याचे 16 गुण झाले. जुलै 2022 मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर वरिष्ठ गटाच्या अंतिम सामन्यात केरीने गॉलवेला 20 विरुद्ध 16 असे हरवले, त्यात त्याचे 8 होते. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, जानेवारी 2023 मध्ये, त्याच मैदानावर तो फॉसाकडून कनिष्ठ श्रेणीतल्या क्लबांच्या अंतिम सामन्यात उतरला. फॉसा जिंकले, पण शेवटी शेवटी डेव्हिड आणि त्याचा भाऊ पॉडी या दोघांनाही लाल कार्ड मिळाले. काउंटीसाठी तोलूनमापून खेळणारा माणूस गावासाठी असा भान हरपतो, हे मला त्याच्या सगळ्या गुणांहून जास्त बोलके वाटते. शिवाय फॉसासारख्या छोट्या क्लबांचा एकत्रित संघ ‘ईस्ट केरी’ या नावाने केरीच्या वरिष्ठ स्पर्धेत खेळतो, आणि त्या संघातूनही तो विजेता ठरला आहे.

27 जुलै 2025 च्या रविवारी, पुण्यात रात्रीचे आठ वाजले असताना, केरी आणि डोनेगल यांचा अंतिम सामना मी मोबाइलवर पाहिला. त्या वर्षीपासून गोलपासून 40 मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन गुण मिळू लागले होते. क्लिफर्डने 9 गुण केले आणि केरी सहज जिंकले. आता त्याच आकाराचा हा चेंडू तेवढ्या अंतरावरून मारून पाहिल्यावर माझा फटका जेमतेम अर्ध्या वाटेपर्यंत जातो.

तळजाईच्या मुरमाने चेंडूचा पृष्ठभाग खरखरीत झाला आहे, पण तो दोष मैदानाचा. शिवण अजून एके ठिकाणीही सुटलेली नाही. पकडण्याची आणि पायाने मारण्याची एकत्र सवय करायची असेल, त्याने हा जरूर मागवावा. केवळ फुटबॉल खेळायचा असेल, त्याला तो जड वाटेल. सध्या तो माझ्याकडे नाही. सोसायटीतल्या मुलांनी जाळी बांधली आहे आणि व्हॉलीबॉल समजून तो नेला आहे.